बिझनेस पार्कचा प्लॅन पालिकेत टाकताय? आधी सातबारा आणि क प्रत शेजारी शेजारी ठेवून बघा

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक काका आणि त्यांचा पुतण्या आले. हातात बिझनेस पार्कचं मोठं रंगीत चित्र, काचेची बिल्डिंग, समोर कारंजं, लॅपटॉपची बॅग अडकवून चाललेली दोन गोरी माणसं. आणि त्या चित्राच्या घडीत पालिकेचं त्रुटीपत्र, तिसरं. पुतण्या म्हणाला, "दादा, मागतील ते सगळं दिलंय, तरी परत पाठवतात." मी चित्र बाजूला सारलं आणि सातबारा मागितला. सातबाऱ्यावर १ हेक्टर २० आर, म्हणजे १२,००० चौरस मीटर. मोजणीच्या क प्रतीवर, म्हणजे भूमी अभिलेखने जागा मोजून दिलेल्या नकाशावर, १ हेक्टर १४ आर. आणि प्लॅनमध्ये क्षेत्र धरलेलं १२,००० चौरस मीटर. संपला विषय.

काका म्हणाले, "म्हणजे आमचे सहा गुंठे गेले?" गेले नाहीत काका, ते जागेवर नव्हतेच. कधीतरी बाजूच्या रस्त्यात गेले असणार आणि सातबाऱ्यावरून कोणी कमी केले नाहीत.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात फायली फिरवायचं काम करतो, म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतोय. लोकांना वाटतं पालिका डिझाइन तपासते. डिझाइन कोणी बघत नाही हो. कनिष्ठ अभियंता फाइल उघडतो ती थेट क्षेत्राच्या तक्त्यावर, आणि तिथं पहिल्याच ओळीत तीन आकडे भरायचे असतात, मालकीच्या कागदाप्रमाणे किती, मोजणीप्रमाणे किती, जागेवर किती, आणि यातला सगळ्यात कमी आकडा हा तुमचा प्लॉट. बाकी एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते), मोकळी जागा, पार्किंग सगळं त्या आकड्यावरून येतं, त्यामुळे तो चुकला की खालचं सगळं चुकलं.

आता सुरुवातीपासून. फाइल टाकायच्या आधी ती कुणाकडे टाकायची ते बघा. हसू नका, चुकीच्या दारात महिनाभर बसलेली माणसं बघितलीत. मुंबई महापालिकेची बांधकामाची नियमावली वेगळी, डीसीपीआर २०३४. उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राला २०२० च्या डिसेंबरात आलेली यूडीसीपीआर ही एकत्रित नियमावली लागू आहे, पण एमआयडीसीच्या, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाच्या, हद्दीत एमआयडीसीचे स्वतःचे नियम आणि परवानगीही त्यांचीच. हिंजवडीचं आयटी पार्क एमआयडीसीचं, तिथला प्लॉट घेऊन महापालिकेत गेलात तर शिपाईच परत पाठवेल. पुण्याच्या आजूबाजूला तर एका रस्त्याच्या अलीकडे महापालिका आणि पलीकडे पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) असा प्रकार आहे, आणि गाव पालिकेत आलं म्हणजे परवानगी पण पालिकाच देणार असं धरून चालू नका, नियोजन प्राधिकरण कोण ते लेखी विचारून घ्या. झोन दाखला आणि डीपीचा, म्हणजे विकास आराखड्याचा, भाग नकाशा तेव्हाच काढा, त्याला फार वेळ लागत नाही.

अर्ज कोण करू शकतो? मालक, किंवा मालकाने रजिस्टर्ड मुखत्यारपत्र दिलेला डेव्हलपर, आणि प्लॅनवर सही परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनियरची. एवढं सोपं. पण मालक म्हणजे सातबाऱ्यावरचे सगळे. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, वारस नोंद नाही, आत्या नाशकात, तिची सही नाही, अशा फाइलला काही इलाज नसतो. नोटरी केलेलं मुखत्यारपत्र आणू नका. कंपनी असेल तर सही करणाऱ्याच्या नावाचा बोर्ड ठराव लागतो, आणि तो ठराव अर्जाच्या तारखेच्या आधीचा हवा, नंतरचा जोडलेला पण मी बघितलाय.

सातबाऱ्यावर इतर हक्काचा रकाना आवर्जून वाचा, लोक फक्त नाव आणि क्षेत्र बघतात. बँकेचा बोजा, कुळ, भूसंपादनाचा शेरा, सगळं तिथं. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली जमीन) लिहिलेलं असेल तर पालिकेच्या आधी कलेक्टर ऑफिस, त्यांची परवानगी किंवा वर्ग १ केल्याचा आदेश आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. एनएचं, म्हणजे जमीन बिगरशेती करण्याचं, मात्र लोक उगाच टेन्शन घेतात. अंतिम विकास आराखड्यातली जमीन असेल तर वेगळी एनए ऑर्डर मागावी लागत नाही, जी रक्कम भरायची ती आताच्या नियमाप्रमाणे भरायची.

आता कोणाकडेच नसणारा कागद, मोजणीची क प्रत. म्हणजे असते, पण १९९२ सालची, पत्र्याच्या पेटीत, चार घड्यांवर फाटलेली. किंवा अख्ख्या गटाची असते आणि तुम्ही घेतलाय त्यातला तुकडा, पोटहिस्सा झालेलाच नाही. भूमी अभिलेखला अर्ज करा, फी भरा, तारीख येते, लगतच्या धारकांना नोटिसा जातात, आणि मोजणीच्या दिवशी शेजारी बांधावर येऊन हरकत घेतो. यात महिने जातात. म्हणून जमीन बघायला गेलात त्याच आठवड्यात मोजणीचा अर्ज टाका, आर्किटेक्ट नंतर नेमलात तरी चालेल. डीपी रस्ता किंवा आरक्षण प्लॉटमधून जात असेल तर त्याची आखणी पण त्या नकाशावर पाहिजे, नाहीतर स्टाफ साइट व्हिजिटला येतो, टेप धरतो, आणि टिपणीत "रस्त्याची आखणी आवश्यक" एवढं लिहून निघून जातो.

रस्त्यावरून आठवलं. बिझनेस पार्कचं गणित रस्त्याच्या रुंदीवर आहे. मूळ एफएसआय गावठाणाबाहेर १.१, त्याच्यावर पैसे भरून मिळणारा प्रीमियमचा ०.५, आणि टीडीआर (दुसऱ्या जागेच्या बदल्यात मिळालेला, विकत घेता येणारा बांधकाम हक्क) किती चढवता येईल ते रस्ता सांगतो, महापालिका क्षेत्रात १२ ते १५ मीटरला ०.६५ आणि ३० मीटरच्या पुढे १.४. नऊ मीटरच्या आतल्या रस्त्याला यातलं वरचं काही मिळत नाही. शिवाय ॲन्सिलरी म्हणून, म्हणजे जिने, लॉबी वगैरेसाठीचा जादा एफएसआय, वरच्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, निवासी असेल तर ६०, त्याचेही पैसे वेगळे. आता होतं काय, ब्रोकर डीपीचा नकाशा दाखवतो, त्यात २४ मीटर रस्ता, आणि जागेवर गेलं तर बैलगाडीची वाट आणि मध्ये कुणाचा तरी गोठा. छाननीत हा प्रश्न येणारच, आज तुमच्या प्लॉटपर्यंत पोचायचं कसं? वहिवाट आहे, आम्ही तिथूनच जातो, हे उत्तर चालत नाही. रस्त्याच्या जागेचा सातबारा नाहीतर रजिस्टर्ड हक्काचा दस्त दाखवा.

बिझनेस पार्क हा शब्दही ब्रोशरमध्ये ठेवा. छाननीत तुम्हाला ठरवावं लागतं, हे साधं कमर्शियल ऑफिस आहे की आयटी. आयटीला जादा एफएसआय आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यासाठी उद्योग संचालनालयाचं इरादापत्र लागतं हे फाइल परत आल्यावर कळतं. आर्किटेक्ट प्लॅनवर मोठ्या अक्षरात आयटी पार्क लिहितो, पत्र नसतं, मग सगळा जादा एफएसआय लाल पेनने कापलेला.

पर्यावरण मंजुरी लागते तो बांधकामाचा आकडा वीस हजार चौरस मीटर. तो पण लोक चुकीचा वाचतात, चांगले शिकलेले लोक. एफएसआयमध्ये पार्किंग धरत नाहीत म्हणून ते इथंही धरत नाहीत. पर्यावरण खात्याची व्याख्या वेगळी आहे, २००६ च्या अधिसूचनेत २०११ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून सगळे मजले, बेसमेंट, सर्व्हिस एरिया, जे जे झाकलेलं ते सगळं मोजायचं. काकांचंच घ्या. ११,४०० चौरस मीटर प्लॉट, नुसता मूळ एफएसआय वापरला तरी १२,५४०. खाली साडेचार हजाराची दोन बेसमेंट, झाले ९,०००. बेरीज २१,५४०. म्हणजे ईसी, ही पर्यावरण मंजुरी, लागणार, केंद्राच्या परिवेश पोर्टलवर अर्ज, राज्याच्या समितीपुढे सुनावणी, आणि ती हातात आल्याशिवाय जागेवर जेसीबी लावायचा नाही. "पण आमचं साडेबारा हजारच आहे ना?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय.

विमानतळाजवळ असाल तर उंचीचा दाखला. पुण्यात लोहगाव हवाई दलाचं आहे. या दाखल्यातला आकडा समुद्रसपाटीपासून असतो, जमिनीपासून नाही. पुणंच मुळात साधारण ५६० मीटरवर बसलंय, त्यामुळे कागदावर सहाशेच्या घरातला आकडा बघून कोणी हरखून जाऊ नये, त्यातून तुमच्या जागेची उंची वजा करा. आणि उरलेल्या उंचीत लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, वरचा अँटेना सगळं बसलं पाहिजे.

नदीकाठ असेल तर निळ्या रेषेच्या आत बांधकामाचा विचार सोडा, निळी आणि लाल रेषेच्या मध्ये जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर. निळी म्हणजे २५ वर्षांतला पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला.

बाकी फायरचा प्रोव्हिजनल दाखला, झाडं असतील तर वृक्ष प्राधिकरण, ड्रेनेज, पाणी, कामगार कल्याण उपकर बांधकाम खर्चाच्या १ टक्का. ४,००० चौरस मीटरच्या वर प्लॉट असेल तर १० टक्के मोकळी जागा. हे सगळं आर्किटेक्टच्या ऑफिसला पाठ असतं, यात सहसा कोणी अडकत नाही.

अडकतात कुठं तर ड्रॉइंगच्या फाइलमध्ये. छाननी आता आधी कॉम्प्युटर करतो आणि त्याला काही समजावून सांगता येत नाही. प्लॉटच्या हद्दीची पॉलीलाइन, म्हणजे सलग रेघ, एका कोपऱ्यात केसभर उघडी राहिली तर त्याच्या लेखी तुमचा प्लॉटच नाही. जिना चुकीच्या लेअरवर काढला तर बिल्डिंगला जिना नाही. आमच्या ऑफिसात एका पोराने दोन दिवस घालवले, शेवटी सापडलं काय तर एका पार्किंगच्या चौकोनावर दुसरा चौकोन पडलेला, एकच गाडी दोनदा मोजली जात होती.

आता ६० दिवस. कुठल्यातरी व्हिडिओत लोकांनी ऐकलेलं असतं की ६० दिवसांत पालिकेने उत्तर नाही दिलं तर परवानगी मिळाली असं समजायचं. एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये हे आहे, खोटं नाही. पण पुढचं वाक्य कोणी वाचत नाही. पालिकेने मध्ये काही मागितलं असेल तर ६० दिवस तुम्ही उत्तर दिलंत त्या तारखेपासून मोजायचे. म्हणजे अठ्ठावन्नाव्या दिवशी त्रुटीपत्र आलं की पाटी कोरी. आणि प्लॅन नियमात शंभर टक्के बसत असेल तरच ती मानीव परवानगी, एका खांबाचं सुद्धा अंतर कमी पडलं तर केलेलं काम अनधिकृत आणि हातात नोटीस. बँकही अशा परवानगीवर कर्ज देताना दहा वेळा विचार करते. त्या भरवशावर पाया खणू नका, हात जोडून सांगतो.

आणि पालिकेबद्दल पण बोलायला पाहिजे, सगळी चूक अर्जदाराची नसते. पहिल्या पत्रात पाच त्रुटी, त्या पूर्ण केल्या की दुसऱ्या पत्रात नवीन चार, ज्या पहिल्या दिवशी पण दिसत होत्या. नियमावलीतच लिहिलंय की त्रुटी दूर करून फेरसादर केलेल्या प्लॅनवर साधारणपणे नवीन हरकत काढू नये, काढायची तर कारण द्यावं. हे वाक्य छापून फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवा. भांडू नका, उपअभियंत्यापुढे नम्रपणे ते पान उघडं ठेवा, बऱ्याचदा काम होतं. तुमच्याकडून एवढं करा, त्रुटीपत्राला तुकड्यातुकड्यात उत्तर देऊ नका, सगळे मुद्दे त्याच क्रमाने एकाच पत्रात, आणि आवकचा शिक्का तारखेसह घ्या, कारण पुढचे ६० दिवस त्या शिक्क्यापासून आहेत. सुधारलेला प्लॅन नवीन प्रिंट काढून द्या, जुन्यावर पेनने दुरुस्ती किंवा पांढरी शाई चालत नाही.

नकारच आला तर त्याच एमआरटीपी कायद्याच्या कलम ४७ खाली शासनाकडे अपील, मुदत ४० दिवस. लोक यातले वीस दिवस साहेबांची वाट बघण्यात घालवतात. आणि परवानगी आली की ती एक वर्षाची असते, त्यात जोत्यापर्यंत काम झालं नाही तर मुदत संपायच्या आधी नूतनीकरणाचा अर्ज टाकायचा. ऑफिसं विकणार असाल तर महारेरा नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात नको, बुकिंगचा एक रुपया पण नको.

काकांचा प्लॅन ११,४०० वर नव्याने काढून झालाय. आता मेकॅनिकल पार्किंग लावून एक बेसमेंट कमी करायचं की ईसीच्या रांगेत उभं राहायचं, यावर काका-पुतण्यांचं आमच्याच ऑफिसात चहावर भांडण चालू आहे. कारंजं मोकळ्या जागेत येतंय, ते काकांनी काढू दिलं नाही.