मिडब्रेनचा ब्रेक

'मिडब्रेन ॲक्टिव्हेट करा, मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचू लागेल' अशा शिबिरांच्या जाहिराती मध्यंतरी आपल्याकडे बऱ्याच दिसायच्या. पट्टीला नाकाशेजारी फट राहते, मूल मान जराशी वर करून त्या फटीतून खाली बघतं. एवढीच ती विद्या. मला राग येतो तो मात्र वेगळ्या कारणाने. मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू करतो ते काम या जादूपेक्षा कितीतरी मजेदार आहे आणि ते कोणी सांगतच नाही.

मध्यमेंदूच्या पाठीवर चार उंचवटे असतात. वरच्या जोडीला सुपीरियर कॉलिक्युलस म्हणतात; लॅटिनमध्ये कॉलिक्युलस म्हणजे टेकाड. सस्तन प्राण्यांत त्याचे सात थर. वरच्या तीन थरांत दृष्टिपटलाकडून आणि मेंदूच्या मागच्या भागातल्या दृष्टिकेंद्राकडून संदेश येतात. खालच्या थरांत आवाज आणि स्पर्शाचीही भर पडते, आणि तिथूनच डोळे व मान वळवण्याचे हुकूम निघतात.

या टेकाडावर समोरच्या जगाचा नकाशा मांडलेला असतो, डाव्या टेकाडावर उजवीकडचा आणि उजव्यावर डावीकडचा. डेव्हिड रॉबिन्सन या संशोधकाने 1972 मध्ये माकडाच्या खोल थरांत इलेक्ट्रोड घालून सूक्ष्म वीजप्रवाह दिला. पुढच्या टोकाला दिला की नजर थोडीशी सरके, मागच्या टोकाला दिला की लांब उडी घेई. प्रवाह वाढवला तरी उडीची लांबी फारशी बदलेना. म्हणजे किती लांब उडायचं ते जागा ठरवते, जोर नव्हे.

मग भिंतीवर पाल सरकली की दरवेळी आपली नजर पुस्तकावरून का उडत नाही? कारण टेकाडाला कायम ब्रेक लावलेला असतो. मध्यमेंदूतच सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा पेशींचा पुंजका आहे; त्याच्या एका भागातल्या चेतापेशी सेकंदाला 50 ते 100 च्या घरात विजेचे स्पंद सोडत असतात आणि त्यांचं गाबा हे रसायन टेकाडातल्या पेशींना दाबून ठेवतं. नजर वळवायची वेळ आली की मेंदूतला कॉडेट नावाचा आणखी एक भाग जागा होतो. गंमत म्हणजे त्याचाही निरोप 'गप्प बस' असाच, पण तो ब्रेक लावणाऱ्यांना! ते क्षणभर गप्प होतात, टेकाडातल्या पेशी उसळतात आणि डोळा उडतो. उणे गुणिले उणे बरोबर अधिक, हे शाळेतलं गणित मेंदूत असं भेटतं.

ओकिहिदे हिकोसाका आणि रॉबर्ट वुर्ट्झ या संशोधकांनी 1980 च्या दशकात माकडांमध्ये एका बाजूचा हा ब्रेक औषधाने बंद पाडला. माकडाला ठिपक्यावर नजर टिकवता येईना. डोळे पुन्हा पुन्हा विरुद्ध बाजूला उडू लागले. मध्यमेंदू 'ॲक्टिव्हेट' झाल्याचं खरं दृश्य हे असं असतं. पार्किन्सनमध्ये उलटा प्रकार दिसतो: ब्रेक जास्त आवळला जातो आणि नजरेच्या उड्या आखूड पडतात.

पट्टी बांधलेल्या मुलाच्या बाजूला टाळी वाजवा, पट्टीआडही डोळे तिकडे वळतील. इथे हिशेब जरा किचकट होतो. कान डोक्याला पक्के, डोळे मात्र खोबणीत फिरते. त्यामुळे आवाज 'डोक्याच्या उजवीकडे' असून भागत नाही, तो 'आत्ताच्या नजरेच्या' कुठे आहे हे काढावं लागतं. माकडाच्या टेकाडातल्या बऱ्याच पेशी हेच करतात: आवाजाची जागा तीच ठेवून डोळे थोडे वळवले, की मघाशी त्या आवाजाला दाद देणारी पेशी मंदावते आणि शेजारची बोलू लागते.