लो-लेव्हल फाईल रीड-राईट: ओपन, रीड, राईट आणि सोबतची फंक्शन्स

लो-लेव्हल फाईल आय-ओ म्हणजे मधे कुठलीही बफर करणारी (बाईट तात्पुरते मेमरीत साठवणारी) लायब्ररी न ठेवता प्रोग्रामने थेट कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, सांगून फाईलमधले बाईट वाचणं आणि लिहिणं. युनिक्स आणि त्याच्याच वळणावर गेलेल्या सिस्टीम्समधे, म्हणजे लिनक्स, मॅकओएस, बीएसडी वगैरे, हे काम मुख्यतः पाच कॉल्सवर, म्हणजे कर्नलला केलेल्या विनंत्यांवर, चालतं: ओपन, रीड, राईट, एलसीक (फाईलमधली जागा हलवणारा) आणि क्लोज. तुम्ही पायथनमधे लिहा नाहीतर जावामधे, डेटाबेस बनवा नाहीतर वेब सर्व्हर, खाली खाली उतरत गेलात की बहुतेक वेळा याच कॉल्सपाशी येऊन थांबता. कॉल्स दिसायला अगदी साधे आहेत, आर्ग्युमेंट दोन-तीन आणि परत येतो एक आकडा, पण त्या परत आलेल्या आकड्याचा नेमका अर्थ काय हेच नीट न समजल्यामुळे आजवर भरपूर डेटा गेलेला आहे, म्हणून या नोंदीत भर त्यावरच आहे.

युनिक्सची सुरुवात १९६९ साली बेल लॅब्जमधे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी केली. तेव्हाच्या मेनफ्रेमवर फाईल म्हणजे बहुधा ठराविक लांबीच्या रेकॉर्ड्सची चळत असायची, रेकॉर्ड केवढा, ब्लॉक केवढा हे प्रोग्रामला आधी माहीत असावं लागायचं. युनिक्सने हे सगळं बाजूला ठेवलं आणि फाईल म्हणजे नुसती बाईट्सची एक लांब रांग असं ठरवलं, त्यात ओळ कुठे संपते, रेकॉर्ड कुठे सुरू होतो हे ज्याचं त्याने बघायचं, कर्नल त्यात पडणार नाही. यामुळे डिस्कवरची फाईल, टर्मिनल, पाईप (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला देणारी नळी) आणि पुढे नेटवर्क सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) या सगळ्यांना एकच रीड आणि एकच राईट पुरलं. माझ्या मते सिस्टीम प्रोग्रामिंगमधल्या सगळ्यात सुंदर निर्णयांपैकी हा एक आहे. १९८८ साली पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टीम्सच्या स्टँडर्डमधे हे कॉल्स अधिकृतपणे आले. नवीन फाईल बनवण्यासाठी पूर्वी क्रिएट नावाचा वेगळा कॉल होता, त्याच्या स्पेलिंगमधे शेवटचा ई नाहीये, आणि युनिक्स परत बनवायचं झालं तर काय बदलाल असं विचारल्यावर थॉम्पसननी तो ई घालीन असं उत्तर दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. आता क्रिएट फारसं कोणी वापरत नाही, ओपनलाच तसा फ्लॅग (पर्याय सांगणारी खूण) देता येतो.

ओपन केल्यावर हातात फाईल येत नाही, एक छोटा पूर्णांक येतो, त्याला फाईल डिस्क्रिप्टर म्हणतात. ० म्हणजे स्टँडर्ड इनपुट, १ म्हणजे आउटपुट, २ म्हणजे एरर, आणि त्यापुढे जो सगळ्यात लहान नंबर मोकळा असेल तो मिळतो, हा नियम पक्का आहे. या नंबरमागे कर्नलमधे एक नोंद असते, त्यात फाईल कुठल्या मोडमधे उघडलीय आणि आत्ता आपण कितव्या बाईटवर आहोत हे लिहिलेलं असतं. इथे एक बारीक गोष्ट आहे: फोर्क (प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, नक्कल) किंवा डुप (डिस्क्रिप्टरची नक्कल) केलं की दोन्ही डिस्क्रिप्टर त्याच एका नोंदीकडे बोट दाखवतात, म्हणजे एकाने १०० बाईट वाचले की दुसऱ्याचीही जागा पुढे सरकते, पण तीच फाईल दोनदा ओपन केली तर मात्र दोघांची जागा वेगवेगळी राहते. लिनक्सवर एका प्रोसेसला एका वेळी उघडे ठेवता येणाऱ्या डिस्क्रिप्टर्सची नेहमीची मर्यादा १०२४ असते, ती वाढवता येते, पण क्लोज करायला विसरणारा सर्व्हर दिवसभर चालला की कधी ना कधी तिथे जाऊन आपटतोच.

ओपनला फ्लॅग्ज द्यायचे असतात: फक्त वाचायची, फक्त लिहायची की दोन्ही, नसेल तर बनवायची का, असेल तर आधी रिकामी करायची का, प्रत्येक राईट शेवटीच जोडायचं का. बनवायची म्हटलं की तिसरं आर्ग्युमेंट म्हणून परमिशन द्यावीच लागते, आणि ती विसरली तरी सी कंपायलर सहसा ओरडत नाही, मग त्या जागी मेमरीत जो काही कचरा असेल तीच परमिशन फाईलला लागते. दिलेल्या परमिशनमधूनही युमास्क, म्हणजे प्रोसेसने नको म्हटलेल्या परमिशन्स, वजा होतो, म्हणून ०६६६ दिलं आणि युमास्क ०२२ असेल तर फाईल ०६४४ होते.

आता रीड. त्याला डिस्क्रिप्टर, बफरचा पत्ता आणि जास्तीत जास्त किती बाईट हवेत तो आकडा द्यायचा. जास्तीत जास्त, हा शब्द महत्त्वाचा! ४०९६ मागितले म्हणजे ४०९६ मिळतीलच असं कुणीही वचन दिलेलं नाही. परत आलेला आकडा शून्याच्या वर असेल तर तेवढेच बाईट बफरमधे आलेत, शून्य असेल तर फाईल संपली, आणि उणे एक असेल तर गडबड झाली, नेमकी कुठली ते एर्नो या व्हेरिएबलमधे बघायचं. डिस्कवरच्या साध्या फाईलवर बहुतेक वेळा मागितले तेवढे सगळे मिळतात, आणि घात इथेच होतो, कारण टेस्टिंग फाईलवर होतं, सगळं हिरवं दिसतं, आणि मग तोच कोड पाईपवर किंवा सॉकेटवर लावला की ४०९६ च्या जागी कधी १४०० येतात कधी १२, आणि प्रोग्राम उरलेल्या बफरमधला जुना डेटा खरा समजून पुढे जातो. म्हणून रीड लूपमधेच लावायचं, आले तेवढे मोजायचे, पॉइंटर तेवढा पुढे सरकवायचा, उरलेले परत मागायचे. मधेच सिग्नल (कर्नलकडून प्रोसेसला येणारी सूचना) आला आणि काहीच वाचून झालेलं नसेल तर उणे एक आणि एर्नोमधे ई-इंटर येतो, तो खरा एरर नाही, परत मागायचं एवढंच. अजून दोन नेहमीच्या चुका: परत आलेला आकडा अनसाईन्ड (उणे आकडे न ठेवणाऱ्या) व्हेरिएबलमधे ठेवला की उणे एकचा एक प्रचंड मोठा आकडा होतो आणि चूक झालीय हे कळतच नाही, आणि दुसरी म्हणजे रीड बफरच्या शेवटी शून्य बाईट लावत नाही, त्यामुळे तो बफर सरळ स्ट्रिंग म्हणून छापायला गेलात तर पुढची मेमरीही छापली जाते.

राईटचंही तसंच, दिलेल्यातले काहीच बाईट लिहून तो परत येऊ शकतो. समजा डिस्कवर थोडीच जागा उरलीय, तर पहिला राईट बसले तेवढे लिहून तो आकडा देतो, आणि जागा संपल्याचा एरर त्याच्या पुढच्या राईटला येतो. ज्याने पहिला आकडा बघितलाच नाही त्याची फाईल अर्धवट आणि प्रोग्राम मात्र खूश. लिनक्सवर तर एका कॉलमधे २,१४,७४,७९,५५२ बाईट्सपेक्षा जास्त जातच नाहीत, तुम्ही कितीही द्या. आणि पाईपच्या पलीकडचा वाचणारा निघून गेला असेल तर सिगपाईप सिग्नल येतो, जो न हाताळल्यास प्रोसेसच मरते.

वेगाबद्दल थोडं. प्रत्येक कॉलला प्रोग्राममधून कर्नलमधे जाऊन परत यावं लागतं, ही फेरी साध्या फंक्शन कॉलपेक्षा बरीच महाग. १ एमबीची फाईल एकेक बाईट वाचली तर १०,४८,५७६ फेऱ्या होतात, ४०९६ च्या तुकड्यांनी वाचली तर २५६. एफओपन, एफरीड ही सी लायब्ररीची फंक्शन्स हेच काम करतात, स्वतःकडे बफर ठेवून फेऱ्या वाचवतात. पण एकाच फाईलवर एफराईट आणि राईट मिसळून वापरू नका, लायब्ररीच्या बफरमधलं अजून बाहेर पडलेलं नसतं आणि राईटचं आधी जातं, क्रम उलटा होतो.

राईटने पूर्ण आकडा दिला तरी डेटा डिस्कवर गेलाय असं नाही, आणि हे फार जणांना खूप उशिरा कळतं. राईट डेटा कर्नलच्या पेज कॅशमधे, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात पानापानाने, ठेवतं आणि परत येतं. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमधे असं पान साधारण ३० सेकंद जुनं झालं की डिस्ककडे पाठवायला घेतात. प्रोग्राम क्रॅश झाला तर डेटा सुरक्षित आहे कारण तो कर्नलकडे आहे, पण वीज गेली तर गेला. खात्री हवी असेल तर एफसिंक करायचं, ते डिस्कने हो म्हणेपर्यंत थांबतं आणि त्यामुळेच हळू असतं. मॅकओएसवर नुसतं एफसिंकही पुरत नाही, ड्राईव्हच्या स्वतःच्या कॅशमधून बाहेर काढण्यासाठी एफसीएनटीएल या डिस्क्रिप्टरवर वेगवेगळ्या आज्ञा चालवणाऱ्या कॉलला फुल-एफसिंक सांगावं लागतं.

२००९ च्या सुमारास लिनक्सवर एक्सटी४ फाईलसिस्टीम पसरायला लागली तेव्हा अनेकांना मशीन बंद पडून चालू झाल्यावर सेटिंगच्या फाईल्स शून्य बाईटच्या झालेल्या दिसल्या. प्रोग्राम्स नवीन फाईल लिहून एफसिंक न करता रीनेम करत होते, आधीच्या एक्सटी३ वर ते निभावून जायचं, एक्सटी४ डेटाला डिस्कवर जागा नंतर देत असल्यामुळे नाव आधी बदललं आणि डेटा मागेच राहिला. कर्नलमधे नंतर यावर तोडगा आला, तरी बरोबर पद्धत आजही तीच: तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा, रीनेम करा, आणि मग त्या डिरेक्टरीलाही एफसिंक करा. २०१८ मधे त्याहून वाईट गोष्ट पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डेव्हलपर्सच्या ध्यानात आली. एफसिंक फेल झालं की लिनक्स ती पानं स्वच्छ (डिस्कवर लिहून झालेली) म्हणून खूण करून टाकायचं, म्हणजे तुम्ही परत एफसिंक केलं तर यश मिळायचं आणि डेटा मात्र कुठेच नसायचा. एवढी वर्षं फेल झालं तर परत करून बघू असं गृहीत धरलेलं होतं. पोस्टग्रेसने मग एफसिंक फेल झाल्यास स्वतः बंद पडून लॉगमधून परत उभं राहायचं असं ठरवलं, आणि मला तरी तेच प्रामाणिक वाटतं. क्लोजसुद्धा एरर देऊ शकतं, विशेषतः नेटवर्कवरच्या फाईलसिस्टीमवर, पण लिनक्सवर क्लोज परत करायचं नाही, कारण एरर आला तरी तो नंबर मोकळा झालेला असतो आणि तोवर त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या थ्रेडने (समांतर चालणाऱ्या धाग्याने) घेतलेला असेल तर तुम्ही त्याची फाईल बंद कराल.

एलसीक जागा हलवतं. यातला एल लाँगचा (मोठ्या पूर्णांकाचा), जुन्या १६ बिटच्या पीडीपी-११ मशीनवर इंट (साधा पूर्णांक) अपुरा पडायचा म्हणून. फाईलच्या शेवटाच्या पुढे जाऊन लिहिलं तर मधे भोक राहतं, ते वाचताना शून्यं दिसतात पण बहुतेक फाईलसिस्टीम्सवर डिस्कवर जागा जात नाही. अनेक थ्रेड असतील तर एलसीक आणि मग रीड असं करू नका, मधे दुसरा थ्रेड जागा हलवेल, त्यासाठी पीरीड आणि पीराईट आहेत, ज्यांना जागा कॉलमधेच सांगता येते.

विंडोजवर हीच कामं क्रिएटफाईल, रीडफाईल, राईटफाईल करतात, डिस्क्रिप्टरऐवजी हँडल असतं. लिनक्सवर २०१९ मधे ५.१ व्हर्जनपासून आयओ-यूरिंग आलंय, त्यात अनेक रीड-राईट एका रांगेत टाकून निकाल दुसऱ्या रांगेतून घेता येतात, फेऱ्या खूप कमी होतात. निकालात तिथेही तोच आकडा, तेवढाच अपुरा असू शकणारा.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर लिनक्सवर कुठलाही प्रोग्राम एसट्रेस या कॉल्स दाखवणाऱ्या टूलखाली चालवा. प्रत्येक कॉलची एक ओळ येते (ओपनच्या जागी बहुधा ओपनॲट दिसेल, तो त्याचाच नवा भाऊ), आर्ग्युमेंट्स दिसतात, आणि ओळीच्या शेवटी बरोबरच्या चिन्हापुढे परत आलेला आकडा असतो. मागितलेला आकडा आणि तो आकडा शेजारी शेजारी ठेवून शंभरेक ओळी वाचल्यात की अपुरं रीड कसं दिसतं ते कायमचं लक्षात राहतं.