गोड्या पाण्याच्या मत्स्यालयातील जिवंत वनस्पतींची निगा (नागपूर)

घरातल्या फिश टँकमध्ये प्लास्टिकच्या झाडांऐवजी खऱ्या पाणवनस्पती लावून त्या टिकवण्याची पद्धत. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकाच पात्रात ठेवून दाखवले, की माशांचा कार्बन डायऑक्साइड वनस्पती वापरतात, माशांना त्यांच्याकडून ऑक्सिजन मिळतो आणि कुजणारी पाने गोगलगायी संपवतात. आजच्या नवशिक्याचा दोन फुटी टँकही याच हिशेबावर चालतो. फरक इतकाच, की नागपुरात हा हिशेब दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये बिघडू पाहतो. इथली पाणवनस्पतींची निगा म्हणजे मुख्यतः उन्हाळ्याची तयारी होय.

नळाचे पाणी शहराला प्रामुख्याने पेंच प्रकल्प आणि कन्हान नदीतून, शुद्ध करून मिळते. त्यातला क्लोरीन माशांना घातक असतो; तो घालवण्यासाठी दुकानात मिळणारे ‘हायपो’चे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पुरतात. बोअरचे पाणी बहुधा जड असते. व्हॅलिस्नेरियाला ते चालते, मऊ पाण्याची सवय असलेल्या नाजूक रोपांना नाही. निव्वळ आरओचे पाणी वापरणे हा मात्र उलट टोकाचा प्रकार झाला, कारण त्यात वनस्पतींना लागणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळपास उरतच नाही.

तळाला बांधकामाची, कन्हानची रेती चालते. चाळून घ्यावी आणि पाणी निवळ येईपर्यंत धुवावी. जाडी दोन-अडीच इंच पुरे. रेतीवर लिंबाचे चार थेंब टाकून फेस आला तर तीत चुना आहे असे समजावे आणि ती सोडून द्यावी. शेतातली काळी माती खाली घालण्याचा मोह टाळलेला बरा. ती पाणी गढूळ करते आणि तिच्यात चुनखडीचे खडेही असतात.

पहिल्या टँकसाठी व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, हॉर्नवर्ट, अनुबियास आणि जावा फर्न एवढी पाच नावे पुरेशी आहेत. हायड्रिला तर विदर्भातल्या तलावांत आपोआप वाढते. पण तलावातून आणलेल्या रोपांबरोबर चतुराच्या अळ्या येतात आणि त्या माशांची पिल्ले खातात, म्हणून नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. अनुबियास आणि जावा फर्न यांचे आडवे जाड खोड रेतीत पुरले की सडते. ते दोऱ्याने लाकडाला किंवा दगडाला बांधावे. दुकानांतून ड्रसीना, लकी बांबू अशी चक्क जमिनीवरची रोपेही ‘पाण्यातली’ म्हणून विकली जातात. ती महिना-दोन महिने हिरवी दिसतात, मग कुजतात.

नवीन रोपांची पाने पहिल्या दोन-तीन आठवड्यांत विरघळू लागली की लोक धीर सोडतात. त्यामागे साधे कारण आहे. बाजारातली बरीच रोपे पाण्याबाहेर दमट हवेत वाढवलेली असतात. त्यांची पाने हवेत जगण्यासाठी बनलेली असतात आणि पाण्यात गेल्यावर रोप ती टाकून पातळ, नवी पाने काढते. क्रिप्टोकोरिन नावाच्या पाणवनस्पतीत हे इतके जोरात होते, की कधी नुसती मुळेच उरतात. अशा वेळी कुजलेली पाने कापावीत, पण मुळे उपटू नयेत. याच काळात घाबरून खत ओतणे हे सर्वांत वाईट. कुंड्यांना घालायचा युरिया किंवा डीएपी तर टँकमध्ये कधीच नको. त्यातून अमोनिया होतो आणि मासे मरतात. माशांची विष्ठा हेच सुरुवातीचे खत असते. पुढे पाने पिवळी पडू लागली, तरच पाणवनस्पतींसाठीचे द्रवखत बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्याने द्यावे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची या पाच रोपांना गरज नाही.

प्रकाश रोज सहा ते आठ तास, शक्यतो टायमरवर. टँक खिडकीच्या थेट उन्हात ठेवला तर पाणी तापते आणि हिरवे शेवाळ माजते.

आता उन्हाळा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस नोंदले गेले. एरवीही नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या, आसपास ४५ अंश काही नवलाचे नाहीत. बहुतेक पाणवनस्पतींना २२ ते २८ अंश मानवते. पाणी ३० अंशांपलीकडे गेले, की त्यांचा श्वसनाचा खर्च वाढतो आणि प्रकाशसंश्लेषणाची कमाई त्याला पुरत नाही. जावा फर्न तपकिरी पडू लागते, मॉस विरते. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. रात्री वनस्पतीही ऑक्सिजन घेतात, त्यामुळे दाट झाडीच्या टँकमध्ये पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडताना दिसतात. म्हणून उन्हाळ्यात एअर पंप दिवसा बंद राहिला तरी रात्री चालू हवा.

थंड करण्याचा स्वस्त उपाय म्हणजे झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावणे. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता जाते, तेवढीने सुमारे ५८ लिटरचा टँक दहा अंशांनी उतरेल; पण खोलीची उष्णता परत आत शिरत असल्याने प्रत्यक्षात दोन ते चार अंशच हाती लागतात. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात हे उत्तम चालते, जुलैच्या दमट हवेत नाही. उडालेले पाणी भरून काढताना क्षार वाढत जातात, तेव्हा आरओचे पाणी थोडे मिसळणे योग्य. छतावरच्या टाकीतले दुपारचे पाणी हातही भाजेल असे असते. आठवड्याचे पाव भाग पाणी बदलायचे तर सकाळी, रात्रभर बादलीत घरात ठेवलेले. बर्फ टाकू नये, तापमानाचा असा झटका माशांना सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांपर्यंत किंवा खाली गेला, तरच लिटरमागे सुमारे एक वॉट हिशेबाने हीटर लागतो.

छाटणी महिन्यातून एकदा पुरते. हायग्रोफिलाचा शेंडा कापून रेतीत खोचला की नवे रोप तयार. कापलेला कचरा, विशेषतः पिस्टिया आणि साल्व्हिनियासारखी तरंगती रोपे, नाल्यात किंवा तलावात टाकू नयेत. अंबाझरी तलावात जलपर्णी किती माजते, हे नागपूरकर पाहतातच. कचरा उन्हात कडकडीत वाळवून कुंडीत घालावा.