राहिल्याचा कागद : इंदूरच्या सिंधी शेजाऱ्यांच्या नागरिकत्व-अर्जामागची पार्श्वभूमी

लोकमान्य नगरात आमच्या मागच्या गल्लीत एक सिंधी कुटुंब भाड्यानं राहतं. 2013 साली सिंधमधल्या घोटकी जिल्ह्यातून आलेलं. गेल्या पावसाळ्यात घरातल्या वहिनींनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे उघडून ठेवला. आत हिरवे पासपोर्ट, रहिवास परवान्याच्या घडी पडून फाटलेल्या प्रती, मुलाचं लसीकरणाचं कार्ड, आणि वहीच्या पानांवर लिहिलेल्या भाड्याच्या पावत्या. "दीदी, इसमें से कौन सा काग़ज़ चलेगा?" भारतीय नागरिकत्वाच्या अर्जासाठी, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यांच्या जुन्या पासपोर्टात पाणी शिरून भारतात आल्याच्या तारखेचा इमिग्रेशनचा शिक्का असलेलं पान पुसलं होतं, म्हणून हा प्रश्न.

या साध्या प्रश्नामागे जवळजवळ ऐंशी वर्षांचा इतिहास आहे.

1948 साली देशाच्या पहिल्या मतदार याद्या तयार होऊ लागल्या. तेव्हा अट अशी होती की 31 मार्च 1948ला संपणाऱ्या वर्षात माणूस त्या ठिकाणी किमान 180 दिवस राहिलेला असावा. निर्वासितांना ही अट लावली असती तर लाखो माणसं बाहेर राहिली असती, कारण ती आलीच होती काही महिन्यांपूर्वी. म्हणून ठरलं की निर्वासितानं 'मी इथं कायम राहणार' असं नुसतं सांगितलं तरी नाव यादीत घ्यायचं, मग राहून किती दिवस झाले ते बघायचं नाही. हे वाचलं की मी दरवेळी थांबते. देश नुकता फाळणीतून उठला होता, राज्यघटना अजून तयार व्हायची होती, आणि तरी माणसाच्या तोंडच्या शब्दाला त्या कागदावर जागा होती.

त्याच वर्षी 28 मे रोजी इंदूरचं होळकर संस्थान 'मध्य भारत' या नव्या राज्यात विलीन झालं. सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी इथं वस्त्या उभ्या केल्या. सिंधी कॉलनी, जयरामपूर कॉलनी ही नावं आजही तोंडात आहेत.

पण 19 जुलै 1948 रोजी पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिटची पद्धत सुरू झाली, आणि हीच तारीख पुढे घटनेच्या सहाव्या अनुच्छेदात बसली. त्याआधी येऊन इथंच राहिलेला माणूस, घटनेतल्या जन्माच्या अटीत (स्वतः, आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणी अविभाजित भारतात जन्मलेलं) बसत असला, तर आपोआप नागरिक. त्यानंतर आलेल्यानं अर्ज करायचा, नोंदणी करून घ्यायची, आणि अर्जाआधी किमान सहा महिने भारतात राहिलेलं असायचं. 'किती दिवस राहिलात' हा प्रश्न नागरिकत्वाला तिथून चिकटला. पुढे 1952च्या ऑक्टोबरात दोन्ही देशांमध्ये पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाला.

1955च्या नागरिकत्व कायद्यानं भारतीय वंशाच्या माणसाला नोंदणीसाठी सहा महिन्यांचीच अट ठेवली. 1986च्या दुरुस्तीनं ती पाच वर्षं केली, आणि 2003 साली संमत होऊन डिसेंबर 2004मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनं सात. ही सात वर्षं कशी मोजायची हेही ठरलेलं आहे : अर्जाआधीचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. वंशाचा आधार न घेता नागरिक व्हायचं, तर सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदांपैकी अकरा वर्षं. त्याच दुरुस्तीनं 'अवैध स्थलांतरित' ही व्याख्या आणली. वैध कागदांशिवाय आलेला किंवा परवान्याच्या मुदतीबाहेर राहिलेला माणूस अर्जच करू शकत नाही. म्हणजे परवाना वाढवून घेण्यात राहिलेली एक फट सगळ्या वर्षांवर पाणी फिरवू शकते.

सलग बारा महिन्यांची अट ऐकायला किरकोळ वाटते. पण सख्खी आई घोटकीत वारली आणि लेक आठ दिवसांसाठी गेली, तर मोजणी तुटते. 2015च्या दुरुस्तीनं सरकारला अधिकार दिला की खास परिस्थितीत तीस दिवसांपर्यंतचा खंड माफ करता येईल. ही दुरुस्ती कुणाच्या फारशी लक्षात नाही, पण या घरांमध्ये तिचं मोल मोठं आहे.

खरी अडचण मात्र घरमालकापाशी येते. पाकिस्तानी पासपोर्टवर आलेल्याचा व्हिसा ठराविक शहरापुरता असतो. दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाला तरी कित्येक वर्षं बँकेत खातं उघडणं, स्वतःच्या नावावर घर घेणं हे सहज होण्यासारखं नव्हतं. विजेचं बिल घरमालकाच्या नावाचं. भाडेकरार नोंदवायचा म्हटलं की मालक म्हणणार, पोलिसांच्या भानगडीत मी पडत नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या आधीच्या मालकानं सहा वर्षं भाडं रोख घेतलं, वहीच्या पानावर सही दिली, आणि अर्जासाठी एक ओळ लिहून मागितली तेव्हा दार लावून घेतलं. माणूस राहतो, राबतो, मुलांना शाळेत घालतो, आणि त्याच्या नावाचा एक कागद तयार होत नाही. मग त्याच माणसाकडे कागद मागितला जातो. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते तसंच म्हणते.

आमच्याकडे आजोबांच्या काळातल्या, होळकर दरबारच्या घरपट्टीच्या पावत्या अजून ट्रंकेत आहेत. त्या जपल्या म्हणून आम्ही कुणी शहाणे ठरत नाही. त्या मिळाल्याच, एवढं नशीब.

2016च्या जुलैत केंद्रानं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांना बँक खातं, राहण्यापुरतं घर, वाहनपरवाना, पॅन आणि आधार घेण्याची मुभा दिली, अर्जाचं शुल्कही 100 रुपयांवर आणलं. डिसेंबर 2016मध्ये सात राज्यांतल्या सोळा जिल्ह्यांच्या कलेक्टरांना नोंदणीचे अधिकार मिळाले. मध्य प्रदेशातून त्यात भोपाळ आणि इंदूर होते. आधी फाइल दिल्लीला जायची, तिची वाट बघत माणसं म्हातारी व्हायची. आता ती इंदूरच्याच मोती तबेल्यातल्या कलेक्टोरेटमध्ये पुढे सरकू लागली.

2019च्या दुरुस्तीनं पुन्हा वेगळी वाट काढली. या तीन देशांतून 31 डिसेंबर 2014पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती अर्जदारांसाठी अकरा वर्षांची पाच झाली आणि अवैध स्थलांतरिताचा शिक्का निघाला. इतरांसाठी अकराच राहिली. नियम मात्र 11 मार्च 2024ला आले. त्यात तारखेआधी भारतात आल्याचा पुरावा म्हणून वीस प्रकारचे कागद धरले आहेत : व्हिसा आणि इमिग्रेशनचा शिक्का, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाचा परवाना, जनगणना प्रगणकानं दिलेली पावती, रेशनकार्ड, वीजबिल, शाळेचा दाखला, विवाहाचा दाखला, अर्जदाराचा भारतातला जन्माचा दाखला, लोकप्रतिनिधीचं प्रमाणपत्रसुद्धा. अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि जिल्ह्यात तपासणी करणाऱ्या समितीचा प्रमुख डाक खात्याचा अधीक्षक.

तर वहिनींचा डबा. भाड्याच्या पावत्या बाजूला ठेवल्या. त्यांवर पत्ता नव्हता, सालही नव्हतं. लसीकरणाच्या कार्डावरची पहिली नोंद पाहिली आणि मी विचारलं, पोरगा कुठं झाला? इथंच, इंदूरमध्ये, 2014च्या जानेवारीत. जन्माचा दाखला त्यांनी कधी दाखवलाच नव्हता, कारण तो 'मुलाचा कागद' होता, त्यांचा नव्हे. दोन्ही पालक पाकिस्तानी नागरिक असल्यामुळे 2004नंतरच्या नियमानं हा मुलगा इथं जन्मूनही भारतीय नागरिक ठरत नाही. त्याचा अर्ज वेगळा करावा लागणार आहे. पण मुलगा इंदूरमध्ये जन्मला त्या दिवशी आई इंदूरमध्येच होती, एवढं तरी त्या दाखल्यावरून दिसतं.

दाखला कपाटात साडीच्या घडीत सापडला. महापालिकेच्या शिक्क्याचा, आईच्या नावासकट. खाली दोन ओळी आहेत. 'बच्चे के जन्म के समय माता-पिता का पता' यापुढे इंदूरमधल्या तेव्हाच्या भाड्याच्या घराचा क्रमांक. 'माता-पिता का स्थायी पता' यापुढे घोटकी, सिंध. वहिनींनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून ती खोडून घेता येईल का असं विचारलं. मी नको म्हटलं, आणि दोन्ही ओळी नीट दिसतील अशा दोन प्रती काढून आणायला पोराला पाठवलं.