फुटपाथवरून घरापर्यंत: मुंबईतल्या बेघरांच्या मदतीमागचा इतिहास

परगावाहून आलेल्या गरिबाला रात्रीपुरतं छप्पर देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. पण धर्मशाळा कोणासाठी, तर यात्रेकरूसाठी, पेशंटच्या नातेवाइकासाठी. म्हणजे परत जायला घर असलेल्या माणसासाठी. ज्याला तेच नाही, त्याची दखल सरकारने घेतली ती पोलिसांमार्फत.

१९५९ चा मुंबईचा भीक-प्रतिबंधक कायदा हात पसरणाऱ्यापुरता नाही. उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा किंवा मुक्काम ठोकणारा माणूसही त्याच्या व्याख्येत बसू शकतो. पहिल्यांदा पकडला गेला तरी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवण्याची त्यात तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली. महाराष्ट्रात तो अजून पुस्तकात आहे. चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात अडकलेल्यांना काम, कागदपत्रं आणि घरचा माग मिळवून देण्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘कोशिश’ प्रकल्प २००६ मध्ये सुरू झाला. कायदा येऊन तोवर सत्तेचाळीस वर्षं उलटली होती.

फुटपाथवाल्यांची गोष्ट मात्र कोर्टातून सुरू होते. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवायचं. भर पावसाळ्यात तोडकाम सुरू झालं. याचिका करणाऱ्यांत सेलमहून आलेला एक भूमिहीन मजूर होता. गावाकडे दुष्काळाने काम गेलं म्हणून तो १९६१ मध्ये मुंबईत आला. रोज २३ रुपयांवर एका केमिकल कंपनीत लागला आणि फुटपाथवरच्या प्लास्टिक-ताडपत्रीच्या आडोशासाठी त्याने दादा माणसाला अडीच हजार रुपये मोजले. फुटपाथ फुकट असतो असं समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. २३ जुलैला त्याचा आडोसा तोडून त्याला सेलमच्या बसमध्ये कोंबण्यात आलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या आणि तो कामासाठी पुन्हा मुंबईच्या फुटपाथवर आला.

पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने १० जुलै १९८५ ला दिला. उपजीविकेचा हक्क हा एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यात पहिल्यांदा स्पष्ट झालं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना एवढंच शिकवतात. त्याच निकालाने नोटीस देऊन हटवण्याची मुभाही पालिकेला दिली होती, फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगितलं होतं. फुटपाथवाल्यांच्या दृष्टीने तो जिंकलेला खटला नव्हता. चार महिन्यांची मुदत होती.

भायखळ्यात मात्र वेगळंच काही घडत होतं. १९८४ मध्ये शीला पटेल आणि सहकाऱ्यांनी ‘स्पार्क’ ही संस्था काढली होती. तोडकामाच्या टांगत्या तलवारीखाली मोर्चा काढण्याऐवजी या मंडळींनी मोजणी केली. १९८५ साली जवळपास सहा हजार कुटुंबांची, सुमारे २७ हजार माणसांची नोंद झाली. यात विशेष ते काय, असं वाटेल. पण सरकारने १९७६ मध्ये झोपडपट्ट्यांची गणती करून फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाची फोटोसह ओळखपत्रं, दिली, तेव्हा फुटपाथवरचे बहुतेक त्यातून सुटले होते. गणतीत नाव नाही तर पर्यायी जागा नाही. रेशनकार्डाचंही तेच रडगाणं.

१९८६ मध्ये या फुटपाथवरच्या बायकांमधून ‘महिला मिलन’ ही त्यांची संघटना उभी राहिली. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो यांचा बचतीचा व्यवहार. रोज कोणी दोन रुपये टाकी, कोणी पाच. गोळा करणारी बाई त्याच गल्लीतली. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येकीच्या नावाची प्लास्टिकची पिशवी आणि त्यात रंगीत कागदाचे तुकडे: एक रंग म्हणजे एक रक्कम. आजारपण, तोडकाम, गेलेली मजुरी अशा वेळी याच पैशातून उचल मिळे, म्हणजे सावकाराचं दार टळे. घरासाठीची बचत वेगळी, ती मोडायची नाही. त्याच सुमारास त्यांनी घराचा आराखडाही स्वतः केला, साडीने मापं घेऊन. छत चौदा फुटांवर हवं, म्हणजे आत पोटमाळा निघेल, हा हट्ट त्यांचाच. आर्किटेक्टला तो बहुधा सुचला नसता.

हे करूनही घर मिळायला वर्षं गेली. १९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवरच्या झोपड्याही पात्र धरल्या गेल्या आणि भायखळ्याच्या काही कुटुंबांना अखेर मानखुर्दच्या मिलन नगरात पक्की घरं मिळाली. दरम्यान जॉकिन अर्पुथम यांच्या राष्ट्रीय झोपडवासी महासंघाच्या साथीने मोजणी आणि बचतीची हीच पद्धत इतर शहरांत, पुढे देशाबाहेरही गेली. अर्पुथम यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आज ‘निवारा’ म्हणून जे चालतं, त्याचा उगम मुंबईत नाही. २००९-१० च्या थंडीत दिल्लीत एक रात्रनिवारा पाडला गेला आणि प्रकरण अन्नाच्या हक्काच्या चालू खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा हवा, हा आदेश त्यातूनच देशातल्या मोठ्या शहरांना लागू झाला. २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी केंद्राचा पैसा आला. माणशी किमान ५० चौरस फूट जागा आणि राहणाऱ्याला ओळखपत्र, रेशन, पेन्शन, बँक खाते यांच्याशी जोडून देण्याची जबाबदारीही त्यात लिहिलेली आहे. २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले. मुंबईच्या सव्वा कोट लोकसंख्येला आदेशाच्या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. पालिका त्या आकड्याच्या जवळपासही पोचलेली नाही; जागा नाही, हे उत्तर ठरलेलं.

खरी गोम दुसरीकडेच आहे. पुनर्वसनाचा हक्क झोपडीला चिकटलेला आहे, माणसाला नाही. ठरलेल्या तारखेआधी भिंत, ताडपत्री, काहीतरी उभं होतं हे दाखवावं लागतं. दुकानाच्या फळीवर झोपणारा हमाल किंवा पुलाखाली रात्र काढणारी एकटी म्हातारी कोणत्याच यादीत बसत नाही. त्यांना निवाऱ्यात खाट मिळू शकते, तिथल्या संस्थेची खटपट असेल तर आधार आणि बँकेचं खातंही. त्यापुढे भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट भरायला मदत करणारी सरकारी योजना नाही, आणि भायखळ्यासारखी वर्षानुवर्षं एकत्र बचत करायला एका जागी टिकलेली गल्लीही त्यांच्यापाशी नाही.