फेंगशुई म्हणजे चिनी वास्तुशास्त्र नव्हे

वास्तुशास्त्र आपल्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. ईशान्येला पाणी, आग्नेयेला ओटा, नैर्ऋत्य जड. एवढं तर शेजारच्या काकूही सांगतात. वैताग येतो तो ह्याच पाठांतराला 'फेंगशुई' हे चिनी नाव चिकटवून विकतात तेव्हा.

दक्षिणच घ्या. आपल्याकडे ती यमाची, म्हणून दक्षिणमुखी फ्लॅट बघताना गिऱ्हाईक नाक मुरडतं. चीनमध्ये सम्राट दक्षिणेकडे तोंड करून बसत. बीजिंगचा जुना राजवाडा दक्षिणाभिमुख आहे. होकायंत्राला चिनी भाषेत म्हणतातच 'दक्षिण दाखवणारी सुई'. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरं वारं येतं आणि ऊन मिळतं दक्षिणेकडून. म्हणून पाठीशी वारा अडवणारा डोंगर हवा, पुढ्यात मोकळी जागा आणि पाणी. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. ग्वो पू (इ.स. 276–324) याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ग्रंथात म्हटलंय की 'ची' ही प्राणशक्ती वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते. हा ग्रंथ घरांवरचा नाहीच बरं का, थडग्यांच्या जागेवरचा आहे! बीजिंगजवळ मिंग घराण्याच्या 13 सम्राटांच्या समाध्या आहेत, तिथे उत्तरेला डोंगरांची कमान आणि दक्षिणेला मोकळं खोरं दिसतं.

आता आपलं वास्तुशास्त्र आठवा. उंच आणि जड ते नैर्ऋत्येला, उतार आणि पाणी ईशान्येला. म्हणजे जवळजवळ उलटंच. दोन्ही एकाच घरात पाळायला निघालात तर पाण्याचं पिंप कडेवर घेऊन फिरावं लागेल.

मुळात वास्तुशास्त्रात दिशा देवतांच्या नावावर कायमच्या लागलेल्या असतात. प्लॉट सांगलीत असो की सिंगापुरात, 64 किंवा 81 पदांच्या (चौकोनांच्या) मंडलावर वास्तुपुरुष ईशान्येलाच डोकं ठेवून पालथा. फेंगशुई आधी जमीन वाचते. चार बाजूंच्या जमिनीला ती प्राण्यांची नावं देते: पाठीशी काळं कासव, डावीकडे हिरवा ड्रॅगन, उजवीकडे पांढरा वाघ, समोर लाल पक्षी. दक्षिणेकडे तोंड केलं की ह्या चार बाजू चार दिशांवर बरोबर बसतात. पण जमिनीचा आकार पाहणाऱ्या परंपरेत मागचा डोंगर पूर्वेला असला तरी कासव तोच.

होकायंत्रवाल्यांची परंपरा वेगळी, हे कबूल. ते 15 अंशांचे 24 भाग मोजतात. त्यातल्या एका पद्धतीत तर दर 20 वर्षांनी हिशेब बदलतो, शेवटचा बदलला 2024 मध्ये. आपल्या ईशान्येला अशी मुदत नसते.

राहिला फेंगशुई म्हणून विकला जाणारा लाफिंग बुद्धा. तो बुदाई नावाचा दहाव्या शतकातला पोट सुटलेला भिक्खू, गौतम बुद्ध नव्हे. त्याच्याशी, तीन पायांच्या बेडकाशी किंवा लाल दोऱ्यातल्या नाण्यांशी जागा निवडण्याच्या ह्या शास्त्राचं काही देणंघेणं नाही. आवडत असेल तर खुशाल ठेवा, पण तो कुठल्या कोपऱ्यात ठेवू हे मला विचारू नका.