पार्श्वभूमी : सायकल, प्रकाश आणि शहरातला खेळ

सायकल चालवणाऱ्याच्या पायांच्या ताकदीवर आणि हँडलच्या वळणावर प्रकाशातली कलाकृती सोपवण्याचा एक ठळक प्रयोग रस्त्यावर नव्हे, तर प्रदर्शनाच्या अंधाऱ्या दालनात झाला. ऑस्ट्रेलियात जन्मलेले कलावंत जेफ्री शॉ यांनी डिर्क ग्रूनेवेल्ड यांच्या साथीने १९८९ ते १९९१ या काळात ‘द लेजिबल सिटी’ ही कलाकृती उभी केली. जागच्या जागी बसवलेल्या सायकलवर प्रेक्षकाने पेडल मारले की समोरच्या मोठ्या पडद्यावर मॅनहॅटन, अ‍ॅमस्टरडॅम किंवा कार्ल्सरूहचे रस्ते सरकू लागत. मात्र दुतर्फा इमारतींच्या जागी प्रचंड त्रिमितीय अक्षरे असत. कुठे वळायचे हे चालवणारा ठरवी, त्यामुळे वाक्याचा पुढचा शब्दही तोच निवडत असे. अ‍ॅमस्टरडॅम आणि कार्ल्सरूहच्या आवृत्त्यांत तर प्रत्येक अक्षराचे आकारमान तिथल्या खऱ्या इमारतीच्या मापाचे होते.

एलईडी स्वस्त झाल्यावर हा खेळ खऱ्या चाकांवर उतरला. चाकाच्या तारांना दिव्यांची पट्टी बांधतात आणि फोर्कवर, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दुहेरी दांड्यावर, एक लहान चुंबक बसवतात. पट्टीवरचा संवेदक दर फेरीला त्या चुंबकासमोरून जातो, त्यावरून वेग मोजला जातो आणि कोणता दिवा कोणत्या क्षणी लावायचा हे ठरते. दृष्टिसातत्यामुळे, म्हणजे दिसलेला प्रकाश डोळ्यांत क्षणभर टिकून राहत असल्यामुळे, डोळ्यांना अखंड चित्र दिसते, पण सायकल रेंगाळली की ते विस्कटते.

ब्रिटनच्या ब्लास्ट थिअरी या कलासमूहाने २००७ मध्ये लंडनच्या बार्बिकन केंद्रातून सुरू केलेल्या ‘रायडर स्पोक’ने मात्र प्रकाशापेक्षा एकांताला महत्त्व दिले, आणि माझ्या मते या परंपरेतली तीच सर्वांत धाडसी कृती होय. संध्याकाळी एकट्याने सायकलवर निघायचे, हँडलवरच्या छोट्या संगणकाने विचारलेल्या खासगी प्रश्नाचे उत्तर आपण शोधलेल्या आडोशाच्या जागी ध्वनिमुद्रित करायचे आणि इतरांनी अशाच जागी ठेवलेली उत्तरे ऐकायची, असा तो खेळ होता. स्थान ओळखले जाई ते आसपासच्या वाय-फाय संकेतांवरून.

नेदरलँड्समध्ये आइंडहोवनजवळ नुनेन येथे नोव्हेंबर २०१४ मध्ये खुला झालेला डच कलावंत डान रोझेगार्डे यांचा, चित्रकार व्हॅन गॉगच्या नावाचा सायकलमार्ग याच मालिकेत सांगितला जातो. दिवसा प्रकाश साठवून रात्री चमकणाऱ्या हजारो खड्यांची नक्षी त्याच्या पृष्ठभागात बसवली आहे. व्हॅन गॉग १८८३ ते १८८५ या काळात नुनेनला राहत होता हे खरे, परंतु ज्या तारांकित रात्रीच्या चित्रावरून ही नक्षी सुचली, ते त्याने १८८९ मध्ये फ्रान्समध्ये रंगवले. शिवाय सायकलस्वाराने वेग वाढवला काय किंवा तो थांबला काय, त्या खड्यांना त्याचे सोयरसुतक नसते. त्यामुळे मार्ग देखणा असला, तरी शॉ यांच्या पेडलशी त्याचे नाते दूरचेच मानावे लागते.